मेट्रोचं स्टेशन आणि चाळीतली खोली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मालमत्तेचं मूल्य ठरवण्याचं काम मी तीसहून अधिक वर्षं करतो आहे. बँकेला कर्ज द्यायचं असतं, भावाभावांत वाटणी व्हायची असते, कोर्टात दावा चालू असतो, कुणाला घर विकायचं असतं. अशा वेळी त्या जागेची किंमत काय, हे कागदावर लिहून देणारा माणूस लागतो. त्याला आमच्याकडे व्हॅल्युअर म्हणतात. अलीकडे गिरगाव, काळबादेवी, ग्रँट रोड या भागातून फोन आला की त्यात एक प्रश्न ठरलेला असतो. ‘मेट्रो आली, आता आमच्या जागेचा भाव किती वाढला?’

या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. आधी मीच तीन प्रश्न विचारतो. जागा कुणाच्या नावावर आहे? त्या जमिनीवर नियमानं किती बांधता येतं? आणि तुम्ही तिथेच राहणार आहात की विकून जाणार आहात? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळं अवलंबून असतं. स्टेशन झालं की आसपासची जमीन महाग होते, यात वादच नाही. पण ती वाढ कुणाच्या पदरात पडते आणि त्यातून शहर वाढतं की नुसते आकडे वाढतात, हे स्टेशन ठरवत नाही. ते आपले कायदे, आपले करार आणि आपले नियम ठरवतात. आज मला बोलायचं आहे ते याच विषयावर.

आधी थोडी माहिती. कुलाबा, वांद्रे, सीप्झ अशी ओळखली जाणारी मेट्रो तीन ही मार्गिका टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा भाग ऑक्टोबर २०२४मध्ये, तिथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५मध्ये आणि पुढे कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५मध्ये. एकूण साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्टेशनं. आरेचं स्टेशन सोडलं तर बाकी सगळी जमिनीखाली. खर्च ३७ हजार कोटी रुपयांच्या वर गेला.

मुंबईतली पहिली मेट्रो वर्सोवा ते घाटकोपर अशी २०१४ साली धावली. त्यानंतर सुरू झालेल्या मार्गिकाही उपनगरांतल्याच. जुन्या, दाटीच्या शहराच्या पोटातून गेलेली ही पहिलीच. म्हणून तिची गोष्ट वेगळी आहे. उपनगरात मेट्रो आली की मोकळी किंवा कमी बांधलेली जमीन सापडते. काळबादेवीत इंचभर जमीन मोकळी नाही. तिथे प्रत्येक चौरस फुटावर आधीच कुणाचा तरी हक्क आहे. कुठे मालकाचा, कुठे भाडेकरूचा, कुठे पोटभाडेकरूचा, तर कुठे जिन्याखाली टपरी टाकून बसलेल्या माणसाचा.

नवी वाहतूक आणि जुनं शहर यांचा हा पहिलाच सामना नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे आपण शाळेत शिकलो. त्या रेल्वेसाठी खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. आज गिरगावात मेट्रो ज्या रस्त्याखालून जाते त्या रस्त्यालाच त्यांचं नाव आहे. पण गिरगाव-काळबादेवीला खरी चालना मिळाली ती ट्रामनं. १८७४च्या मे महिन्यात घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचा एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीतून पायधुणीला. १९०७ साली ट्राम विजेवर धावू लागली. कोटातल्या कचेरीत आणि पेढीत काम करणाऱ्या कारकुनाला आता कोटालगतच राहण्याची गरज उरली नाही. ट्रामच्या दोन्ही अंगांना चाळी उभ्या राहिल्या. म्हणजे ज्या चाळी आज मेट्रोच्या वाटेत येतात, त्यांतल्या कितीतरी त्या काळच्या सार्वजनिक वाहतुकीच्या बळावरच उभ्या राहिल्या होत्या.

त्याच सुमाराची आणखी एक हकिकत आहे आणि ती आजच्या दृष्टीनं फार महत्त्वाची. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा खेळावी आणि रहदारी सुकर व्हावी म्हणून ट्रस्टनं प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते वस्ती कापून काढले. रस्ते उत्तम झाले, दोन्ही बाजूंच्या जमिनी महागल्या. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांतल्या अनेकांना नव्या जागांचं भाडं परवडेना. ते जवळच्याच गल्लीत, आणखी दाटीत, राहायला गेले. म्हणजे दाटी कमी करायला काढलेल्या रस्त्यानं दाटी शेजारी सरकवली. पुढे त्याच ट्रस्टनं दादर-माटुंग्याला आखीव प्लॉट पाडले. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, १९२८ साली चर्चगेट ते बोरिवली. मध्यमवर्ग दादर, माटुंगा, पार्ले असा उत्तरेला सरकू लागला.

माझं लहानपण ठाकुरद्वारच्या एका चाळीत गेलं. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. थोरल्या काकांचं लग्न झालं तेव्हा ते डोंबिवलीला गेले, धाकटे बोरिवलीला. गिरगावातल्या घरोघरी हीच कथा. घर सोडण्याचं दुःख होतं, पण लोकलचा पास हाताशी होता. नोकरी कोटात आणि घर पन्नास किलोमीटरवर, हे गणित लोकलमुळे जमलं.

जनगणनेचे आकडे हीच गोष्ट सांगतात. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची लोकसंख्या १९८१ साली सुमारे ३२ लाख ८५ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजार भरली. तीस वर्षांत दोन लाख माणसं कमी झाली. त्याच २०११ साली उपनगर जिल्हा ९३ लाखांच्या पुढे आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर पोचला होता. काळबादेवी-भुलेश्वर ज्या सी वॉर्डात येतात तिथे तर २००१ ते २०११ या दहा वर्षांतच सुमारे दोन लाखांवरून एक लाख ६६ हजारांवर घसरण झाली. माणसं गेली, पण जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. राहत्या खोल्यांचे गाळे झाले, गोदामं झाली, दागिन्यांचे कारखाने झाले.

थोडक्यात काय, तर दीडशे वर्षं नव्या वाहतुकीनं गावातली माणसं बाहेर नेली. आता प्रथमच एक मोठी मार्गिका उलट, गावाच्या मध्यात येते आहे. ती माणसांना परत आणील का? निदान आहेत त्यांना तिथे राहू देईल का? की उरलेल्यांनाही बाहेर काढील? खरा प्रश्न हा आहे.

इथे मी माझ्या धंद्यातला एक साधा हिशेब सांगतो. पुनर्विकास होऊ शकणाऱ्या जमिनीची किंमत आम्ही मागून पुढे काढतो. आधी बघायचं, की या जमिनीवर किती चौरस फूट बांधता येईल आणि ते किती रुपयांना विकलं जाईल. त्यातून बांधकामाचा खर्च, सरकारला भरायचे पैसे, व्याज आणि बिल्डरचा नफा वजा करायचा. उरेल ती जमिनीची किंमत. समजायला सोपं जावं म्हणून आकडे घेऊ. नवं घर १०० रुपयांना विकलं जातं. त्यात खर्च आणि नफा मिळून ७५ रुपये. म्हणजे जमिनीच्या वाट्याला २५. आता जवळ स्टेशन झालं, म्हणून तेच घर ११० रुपयांना विकलं जाऊ लागलं. सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी यांचा स्टेशनशी काही संबंध नाही. तो खर्च ७५च राहिला. मग जमिनीच्या वाट्याला आले ३५. म्हणजे घर दहा टक्क्यांनी महागलं आणि जमीन चाळीस टक्क्यांनी!

म्हणून मेट्रोची नुसती घोषणा झाली तरी आधी हलतो तो जमिनीचा बाजार. साधारणपणे भाव तीनदा हलतात. घोषणा होते तेव्हा, काम नक्की पुरं होणार असं दिसू लागतं तेव्हा आणि प्रत्यक्ष गाडी धावते तेव्हा. पहिल्या खेपेचा फायदा माहितगार उचलतात. सामान्य भाडेकरू जागा होतो तो तिसऱ्या खेपेला. आणि मधली जी वर्षं असतात, रस्ता खणलेला, पत्रे ठोकलेले, फुटपाथ गायब, त्या वर्षांत भाव पडलेलाही असतो. दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही, घरात धूळ आणि हादरे. कंटाळून जो त्या काळात विकतो, त्याच्या पदरात वाढीतलं काहीच पडत नाही. अशी खरेदीखतं माझ्या टेबलावरून गेली आहेत. आता ती पुन्हा चाळली तर वाईट वाटतं.

आता तो पहिला प्रश्न. जागा कुणाच्या नावावर? दक्षिण मुंबईत याचं उत्तर फार गुंतागुंतीचं आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुनी भाडी १९४०च्या पातळीवर बांधून टाकली. भाडं गोठलं, तशी पागडी वाढली. १९९९चा नवा कायदा मार्च २०००पासून लागू झाला, त्यानं पागडीला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. तरी चाळीतल्या खोलीचं भाडं आजही महिन्याला काही शे रुपयेच असतं. एवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती करीना आणि भाडेकरू जागा सोडीना. इमारती खचत गेल्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी १९६९च्या कायद्यानं उपकर, म्हणजे सेस, सुरू झाला. तेव्हा मोजल्या गेलेल्या उपकरप्राप्त इमारती १९ हजार ६४२ होत्या. त्यांतल्या हजारो अजून तशाच उभ्या आहेत.

अशा इमारतीजवळ स्टेशन आलं की काय होतं? मालकाकडे जमीन आहे, पण तो तिथे राहत नाही. भाडेकरू तिथे राहतो, पण जमीन त्याची नाही. दोघांपैकी एकट्याला काही करता येत नाही. मग तिसरा माणूस येतो, तो म्हणजे बिल्डर. विकास नियमावलीतल्या ३३(७) या कलमाखाली उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधता येते. भाडेकरूला नव्या इमारतीत मालकीचं घर मिळतं, बिल्डरला विकायला वाढीव क्षेत्र मिळतं. व्यवस्था मुळात वाईट नाही. तिच्यामुळेच कितीतरी कुटुंबांना स्वतःचा संडास असलेलं पहिलं घर मिळालं. पण तिची खरी परीक्षा चावी हातात पडल्यावर सुरू होते.

आमच्या जुन्या शेजारच्या काकू आहेत. वय पंच्याऐंशीच्या घरात. त्यांच्या चाळीचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. मी कॅल्क्युलेटर काढून जागेची आजची किंमत, उद्याची किंमत असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अरे, तुझं ते कोटी-बिटी राहू दे. मला एवढंच सांग, बाविसाव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर दूध कोण आणणार? आणि मेंटेनन्स महिन्याला किती येणार?’ मी आकडा सांगितला. त्यावर म्हणाल्या, ‘म्हणजे माझ्या पेन्शनीचा निम्मा. मग घर माझं कसं?’

काकूंनी दोन वाक्यांत जे सांगितलं, ते आमच्या मूल्यांकनाच्या अहवालात कुठेच येत नाही. जागेची किंमत वाढते तेव्हा तिथे राहण्याचा खर्चही वाढतो. किंमत मिळते ती विकल्यावर. खर्च मात्र विकेपर्यंत दर महिन्याला द्यावा लागतो. जो विकून जातो त्याच्यासाठी वाढ म्हणजे पैसा. जो राहतो त्याच्यासाठी ती पुष्कळदा नुसता भार असते. त्यात चार भावंडांत एक खोली असेल तर वाटणीसाठी विकावीच लागते. विकलेल्या पैशात गिरगावात चार घरं येत नाहीत. चारही भावंडं उत्तरेला किंवा पूर्वेला जातात आणि सकाळी लोकलला लोंबकळून पुन्हा गिरगावाच्याच दिशेनं येतात. स्टेशन घराखाली आलं आणि घर स्टेशनापासून दूर गेलं, असा हा प्रकार.

या मार्गिकेच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. गिरगाव आणि काळबादेवी या स्टेशनांसाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तेव्हा रहिवाशांनी आवाज उठवला आणि बाधित कुटुंबांचं पुनर्वसन दूर कुठे न करता त्याच भागात करायचं, असं ठरलं. ट्रस्टच्या काळातल्या रस्त्यांच्या तुलनेत ही फार मोठी सुधारणा आहे. पण हे झालं प्रकल्पाखाली प्रत्यक्ष सापडलेल्यांपुरतं. स्टेशनापासून दोनशे पावलांवरच्या ज्या चाळी भाव वाढल्यामुळे बाजारच पाडणार आहे, तिथल्या माणसांसाठी अशी हमी कुणी दिलेली नाही.

काही जण म्हणतील, शहर वाढायचं तर थोडी हलवाहलव होणारच. मान्य आहे. म्हणूनच आता वाढीबद्दल बोलू. वाहतूक आणि बांधकाम यांची सांगड घातली नाही तर काय होतं, हे आपण गिरणगावात पाहिलं आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या. त्यांच्या जमिनींसाठी १९९१ साली जे नियम झाले, ते २००१ साली बदलले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. मग लोअर परळला कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. गिरणीच्या जागी हजारो टेबलं आली, पण स्टेशनाचे जिने आणि पूल जुन्याच मापाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली. त्या पुलावरून रोज जाणारे बरेच लोक त्याच मनोऱ्यांमध्ये कामाला होते. वाहतूक न वाढवता बांधकाम वाढवलं, त्याचा हा हिशेब. त्यामुळे मेट्रोला नावं ठेवणं मला मान्य नाही. स्टेशनाजवळ जास्त बांधू द्यावं, हे तत्त्वही बरोबरच आहे. प्रश्न आहे तो काय बांधायचं आणि कुणासाठी, हा.

बघा, स्टेशनाजवळ जास्त माणसं राहिली तर ती गाडीनं जातील, रस्त्यावरची गर्दी कमी होईल, असा यामागचा विचार. पण जुन्या शहरात प्रत्यक्षात काय बांधलं जातं? खाली पाच-सात मजले मोटारी ठेवायला आणि वर मोठाले फ्लॅट. चाळीत जिथे साठ बिऱ्हाडं होती तिथे नव्या इमारतीत ती साठ आणि वर वीस-पंचवीस श्रीमंत कुटुंबं येतात. साठांतली निम्मी दहा-पंधरा वर्षांत विकून जातात. त्यांच्या जागी येणारं कुटुंब छोटं असतं आणि त्याच्याकडे दोन मोटारी असतात. चौरस फूट तिप्पट होतात, पण गाडीत बसणारी माणसं तिप्पट होत नाहीत. कधीकधी आधीपेक्षा कमीही होतात. मोटारी मात्र त्याच बारा-पंधरा फुटी गल्लीत उतरतात. मेट्रोचं तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत आहे. हे तिकीट रोज काढणारा माणूस म्हणजे कारकून, सेल्समन, नर्स, विद्यार्थी, दुकानातला नोकर. तोच स्टेशनाजवळ राहू शकला नाही तर हजारो कोटी खर्चून खणलेल्या बोगद्यातल्या गाडीत बसणार कोण?

धंद्याची बाजूही सांगायला हवी. तिथे मला आशा जास्त वाटते. जुन्या शहरातून गेल्या तीस-चाळीस वर्षांत माणसांपाठोपाठ कामही बाहेर गेलं. ऑपेरा हाऊसचा हिऱ्यांचा बाजार घ्या. २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात हिरे बाजाराची नवी वास्तू सुरू झाली आणि पंचरत्नच्या आसपासची वर्दळ ओसरली. बँकांची आणि कंपन्यांची मुख्यालयंही तिकडेच गेली. आता तीच मार्गिका गिरगावाला वांद्रे-कुर्ला संकुलाशी थेट जोडते. गिरगावातल्या मुलीला तिथली नोकरी घर न सोडता करता येईल. उलट बाजूनं, अंधेरीच्या ग्राहकाला मंगळदास मार्केट, लोहार चाळ, झवेरी बाजार, तांबाकाटा इथे टॅक्सीच्या भानगडीत न पडता पोचता येईल. किरकोळ दुकानाच्या दृष्टीनं स्टेशनाचं तोंड कुठे उघडतं हे सोन्याहून मोलाचं. त्या तोंडापासून पन्नास पावलांवरचा गाळा आणि दोन गल्ल्या पलीकडचा गाळा यांच्या किमतीत आम्हाला फरक करावाच लागतो.

पण इथेही तोच पहिला प्रश्न. गाळा पागडीचा असेल तर विकताना किमतीचा साधारण तिसरा हिस्सा मालकाला द्यायचा रिवाज आहे. आणि घाऊक व्यापाऱ्याला स्टेशनाचा उपयोग मर्यादितच, कारण त्याचा माल हातगाडीवरून आणि टेम्पोतूनच जाणार. स्टेशनाजवळचे गाळे महागले की काय होईल, याचा अंदाज करता येतो. तांब्याच्या भांड्यांच्या जागी मोबाइल आणि कॉफीची दुकानं येतील. त्यात वाईट काही नाही, पण काळबादेवीला दुरून गिऱ्हाईक येतं ते एका गल्लीत एकाच मालाची शंभर दुकानं मिळतात म्हणून. ती साखळी तुटली तर मेट्रोतून उतरणारा माणूस तिथे उतरेल कशाला?

आता पैशांचा मुद्दा. मेट्रो बांधली लोकांच्या पैशांतून आणि कर्जातून, आणि किंमत वाढली खासगी जमिनीची. या वाढीतला काही भाग लोकांकडे परत यायला हवा की नको? लंडनमध्ये ज्युबिली लाइनचा विस्तार १९९९ साली पुरा झाला. खर्च सुमारे साडेतीन अब्ज पौंड. डॉन रायली नावाच्या तिथल्या मालमत्तेतल्या माणसानं स्वतः हिशेब मांडला, की नव्या स्टेशनांभोवतीच्या जमिनी सुमारे तेरा अब्ज पौंडांनी वधारल्या. हा एका माणसाचा अंदाज आहे, पण तो बोलत होता स्वतःच्याच फायद्याबद्दल, म्हणून त्याला वजन आलं. पुढे तिथल्या एलिझाबेथ लाइनसाठी २०१०पासून मोठ्या व्यावसायिक जागांवर खास अधिभार बसवण्यात आला. हाँगकाँगमध्ये तर रेल्वे कंपनीच स्टेशनांवर इमारती बांधते आणि त्यातून रेल्वेचा खर्च भागवते.

आपल्याकडे काय आहे? एप्रिल २०२२पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे घर घेताना मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रोचा अधिभार द्यावा लागतो. पण तो स्टेशनासमोर कोट्यवधीचा फ्लॅट घेणाऱ्यालाही एक टक्का आणि जिथे मेट्रो पोचलेलीच नाही तिथे छोटं घर घेणाऱ्यालाही एक टक्का. शिवाय तो भरतो घर घेणारा. वर्षानुवर्षं जमीन धरून बसलेल्या आणि काहीही न करता श्रीमंत झालेल्याला तो लागतच नाही. मूल्यांकन करणारा माणूस म्हणून सांगतो, स्टेशनापासूनच्या अंतरावर आधारलेला अधिभार ठरवणं अजिबात अवघड नाही. सरकारचे वार्षिक मूल्यदर तक्ते, ज्यांना आपण रेडी रेकनर म्हणतो, ते विभागवार तयारच असतात. आणि त्या पैशांचा पहिला हक्कदार असावा स्टेशनाजवळ टिकून राहू पाहणारा जुना रहिवासी. नव्या इमारतीच्या मेंटेनन्ससाठी पुरेसा निधी, भाड्यानं देण्याची लहान घरं, स्टेशनापर्यंत धड चालता येईल असा फुटपाथ, एवढं जरी त्यातून झालं तरी पुष्कळ.

नियमांतही दोन बदल हवेत असं मला वाटतं. स्टेशनाच्या अगदी जवळ मोटारी ठेवायच्या मजल्यांवर मर्यादा असावी. ज्याला तीन मोटारी ठेवायच्या आहेत त्यानं स्टेशनाजवळ राहण्याची गरज नाही. आणि वाढीव बांधकामाची परवानगी देताना त्यातला ठरावीक भाग चारशे-पाचशे चौरस फुटांच्या घरांचा असावा. मग स्टेशनाजवळ चौरस फुटांबरोबर माणसंही वाढतील.

शेवटी, जे माझ्याकडे येतात त्यांना जे सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. तुमची इमारत स्टेशनाजवळ असेल तर घाईनं सही करू नका आणि एकट्यानं तर मुळीच करू नका. भाडेकरूंनी एकत्र या. भाडेपावत्या, रेशनकार्ड, विजेची बिलं नीट लावून ठेवा. खोली वडिलांच्या नावावर असेल तर वारसांची नावं आत्ताच लावून घ्या. करार नोंदणी केलेलाच हवा. त्यात नव्या घराचं चटईक्षेत्र, मधल्या काळातलं भाडं, कामाची मुदत आणि मुदत टळल्यास भरपाई हे सगळं आकड्यांत लिहिलेलं हवं. आणि कॉर्पस, म्हणजे मेंटेनन्ससाठी ठेवायची रक्कम, किती वर्षं पुरेल याचा हिशेब बिल्डरकडून नको, स्वतःच्या माणसाकडून करून घ्या. भाव किती वाढला हे विचारण्याआधी, इथे राहायला महिन्याला किती लागतील, हे विचारा.

काकूंच्या चाळीत हेच झालं. रहिवाशांनी प्रस्ताव परत पाठवला आणि मेंटेनन्सच्या निधीची रक्कम वाढवून मागितली. बोलणी अजून चालू आहेत. दुधाचं मात्र अजून कुणालाच सुचलेलं नाही.